लोखंडी मावशीचे पाय

लोखंडी मावशी हे नाव तिला एका हमालानं दिलं होतं. पोती उचलता उचलता त्याची कंबर धरली होती, आणि हिनं त्याला बाकावर पालथा पाडून असा काही रगडला की गडी उठला तेव्हा डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. "बाई कसली, लोखंड आहे," असं तो चौकात जाऊन सांगत सुटला. झालं. तेव्हापासून ती साऱ्या वस्तीची लोखंडी मावशी. तिलाही ते नाव आवडायचं. ज्याला बरंच काही लपवायचं असतं, त्याला असं भारदस्त नाव मिळालं की त्याच्या आड उभं राहता येतं.

घराची पुढची खोली म्हणजे तिची मालीशची खोली. मधोमध उंच लाकडी बाक, त्यावर रेक्झिनची गादी, भिंतीशी तेलाच्या बाटल्या, कोपऱ्यात धुतलेल्या टॉवेलांची चळत. बाकाची डोक्याकडची कड हात लागून लागून गुळगुळीत झालेली, कारण दुखलं की लोक तिथंच धरायचे. आणि दुखायचं तर नक्कीच. सुरुवात तळपायापासून करायची, वर चढत जायचं आणि जिथं माणूस कळवळेल तिथं दुप्पट जोर लावायचा, ही तिची पद्धत. कुणी फारच ओरडायला लागलं तर म्हणायची, "ओरडा खुशाल, त्याचे वेगळे पैसे घेत नाही मी."

अशा या बाईला तिच्या पोटच्या पोरीनं अंगाला हात लावायची बंदी घातली होती. अख्ख्या वस्तीची अंगं हिच्या हाताखालून गेलेली, आणि घरातलीच पोर संध्याकाळी कामावरून आली की आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. दाराला कान लावला तरी आत काही ऐकू येत नसे. ना चापटी, ना कण्हणं, ना बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज. ही कसली मालीश, असं मावशी मनाशी चरफडायची. चरफडणं वरवरचं होतं. खरं तर ती घाबरलेली होती, आणि कशाला घाबरलेली होती ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

पोरीचं घरातलं नाव चिमणी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावायची म्हणून बापानं हौसेनं ठेवलेलं. बाप गेला, नाव राहिलं आणि पुढं त्या नावाची थट्टाच झाली. वयात येता येता चिमणीच्या मांड्या भरायला लागल्या, मग पोटऱ्या. वरचं अंग होतं तसंच सडपातळ, मनगटं काडीसारखी, पावलंही नाजूक. पाय तेवढे फुगत गेले आणि घोट्यापाशी एकदम थांबले, कुणी तिथं रबर बांधल्यासारखे. खुर्चीचा कोपरा लागला तरी काळानिळा डाग पडायचा. जेवण अर्धं केलं, मग पाव केलं. गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली, पाय जागचे हलले नाहीत. शाळेत पोरं तिला 'खांब' म्हणायची आणि मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मावशीनं काय केलं? तिला जे येत होतं तेच केलं. रोज सकाळी शाळेआधी पोरीला बाकावर पालथं घालायची आणि मुठीनं, कोपरानं, अंगठ्यानं तिचे पाय मळून काढायची. "चरबी आहे ही, फोडल्याशिवाय जायची नाही," असं वर बडबडायची. पोर बाकाची कड धरून रडायची. एके सकाळी ती "नको गं आई, नाही सहन होत" म्हणून बाकावरून खाली उतरायला लागली, तेव्हा मावशीनं तिचा दंड धरला आणि म्हणाली, "माझेही असेच होते. तुझ्यापेक्षा जाड. मळून मळून उतरवले मी. सहन केलं म्हणून उतरले."

हे साफ खोटं होतं. मावशीचे पाय कधीच उतरले नव्हते.

पायघोळ गाऊनच्या आत ते जसे लग्नाआधी होते तसेच होते, उलट वाढलेलेच. नवऱ्यानंसुद्धा ते कधी उजेडात पाहिले नव्हते. रोज सकाळी चिमणी उठायच्या आत मावशी न्हाणीघरात जायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडायची आणि लाटण्यानं स्वतःच्या पोटऱ्या ठेचायची. इतक्या वर्षांत बोटभर फरक पडला नव्हता, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तरी ती पोरीला तसं म्हणाली. पोरीला आशा राहावी म्हणून म्हणाले, असं ती स्वतःची समजूत घालायची, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण जिला स्वतःचे पाय आवरले नाहीत तिच्या बाकावर उद्या कोण येऊन पडेल, हा हिशोबही त्यात होता. आणि लाज होती. लाज तर सगळ्यात जास्त होती.

चिमणीनं मात्र आईचं बोलणं अगदी खरं मानलं. त्या सकाळपासून ती रडायची थांबली. दात आवळून पडून राहायची. पुढं चष्म्याच्या दुकानात काउंटरवर कामाला लागली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, तेव्हा एक दिवस म्हणाली, "आई, मला नाही जमत आता, सोड." मावशीनं सोडलं. पण चिमणीच्या मनात जे बसायचं ते बसलंच होतं. आईनं सोसलं म्हणून आईचे उतरले. आपण कच खाल्ली म्हणून आपले राहिले. आरशापुढून जाताना, जिना चढताना, दुकानात गिऱ्हाईक काउंटरवरून खाली वाकून बघायचं तेव्हा, ती हेच स्वतःला सुनवायची. मावशीला हे माहीत होतं. एकदा नव्हे, अनेकदा चिमणी तिला म्हणाली होती, "तुझ्यासारखा धीर नाही गं माझ्यात." आणि मावशी भाजी चिरत बसली होती.

या उन्हाळ्याच्या तोंडावर चिमणी पायांचं दुखणं घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाईंनी घोटे पाहिले, पोटरी अगदी हलकेच दाबली, चिमणी कळवळली, आणि बाई म्हणाल्या की हा लिपेडिमा, पायांत चरबी साठत जाण्याचा आजार. जास्त खाल्ल्यानं होत नाही, उपाशी राहून जात नाही, रगडून तर मुळीच नाही. रगडल्यानं उलट आतल्या बारीक नसा फुटतात. "घराण्यात असतो हा," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईचे पाय कसे आहेत?"

"तिचेही असेच होते, पण तिनं मालीश करून उतरवले."

बाई म्हणाल्या, "असं सहसा होत नाही. एकदा त्यांना घेऊन या." आणि त्यांनी चिमणीला स्वतःच्या हातानं करायच्या हलक्या मालीशची पद्धत शिकवली.

चिमणी घरी आली ती थेट, "आई, तुझे पाय दाखव बघू." "वेडी का खुळी तू? या वयात पाय काय दाखवायचे," म्हणून तिनं हसण्यावारी नेलं. चिमणीनं पुन्हा विचारलं नाही. दार लावून आपलं आपलं करायला लागली. बेकरीवाली खांदे रगडून घ्यायला आली की मावशी तिच्यापाशी मन मोकळं करायची, "मांजराच्या पाठीवरनं फिरवावा तसा हात फिरवते म्हणे पायांवर. त्यानं काय होणार, डोंबल?" पण जिना चढताना चिमणीनं कठडा धरणं सोडलं होतं. पायांवरचे निळे डाग कमी झाले होते. सकाळी ती कण्हत उठत नव्हती. हे मावशीला दिसत होतं, फक्त कबूल करायला जीभ उचलत नव्हती.

आणि मग त्या दिवशी चिमणी भर दुपारी घरी आली. पिशवी खुंटीला न लावता जमिनीवर ठेवली आणि येऊन सरळ बाकावर बसली.

"कुणी यायचंय आता?"

"बेकरीवाली येईल, पण तिला अजून वेळ आहे. का गं?"

"मग तू कर."

"काय करू?"

"पाय. पूर्वीसारखे. सगळा जोर लावून."

चिमणीनं मान खाली घालून, एका सुरात सगळं सांगितलं. मालकानं दुकानाचं पुढचं काउंटर बदललं होतं. आता अख्खं काचेचं केलं, वरपासून खालपर्यंत आरपार. मग त्याच्या लक्षात आलं की आतलं माणूसही पायांपर्यंत दिसतं. म्हणून तो म्हणाला, उद्यापासून तू मागे मशीनवर बस, पुढं जरा बरं दिसायला हवं. वर असंही म्हणाला की मागे पंखा आहे, तुलाच बरं.

"त्याच्या नानाची टांग," मावशी म्हणाली.

"त्याला कशाला बोलतेस? तुझे उतरले ना? मग माझेही उतरले असते. मी मध्येच सोडलं. त्या डॉक्टरीणबाईंना काय माहीत, तू किती सोसलंस ते. या वेळी मी रडणार नाही. आणि नको म्हटलं तरी थांबू नकोस."

एवढं बोलून ती बाकावर पालथी झाली. पायजमा मांडीपर्यंत वर केला आणि बाकाची ती गुळगुळीत कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. लहानपणी धरायची तशीच.

मावशीचे हात सवयीनं तेलाच्या बाटलीकडं गेले. तेल घेतलं, तळहात चोळले, पोरीच्या पोटरीवर अंगठा टेकवला. नुसता टेकवला, दाबला नाही, तरी पाय थरथरला आणि कड धरलेली बोटं पांढरी पडली. कित्येक महिने हिला हेच हवं होतं, पोरीनं आपल्या हाताखाली यावं. आता ती आपल्या पायानं चालत आली होती, आणि मावशीचा अंगठा तसाच टेकलेला राहिला.

दाबणं काही अवघड नव्हतं. दाबलं असतं, उद्या डाग पडले असते, आणि 'बघ, फुटतेय' म्हणून ते दाखवता आले असते. खोटं आणखी दहा वर्षं सुखानं चाललं असतं. पोरगी कण्हली नसती की थांब म्हणाली नसती. आईसारखं सोसून दाखवायचं म्हणून मरेपर्यंत त्या बाकावर पडून राहिली असती. मावशीला स्वतःची किळस आली. तिनं अंगठा उचलला आणि टॉवेलला हात पुसले.

"ऊठ."

"का? कर ना."

"ऊठ म्हणते ना."

चिमणी उठून बसली. मावशी खिडकीपाशी गेली, जिथं ऊन येत होतं तिथं उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी गाऊन मांड्यांपर्यंत वर धरला.

चिमणीपुढं तिचेच पाय होते, फक्त म्हातारे. तीच घडी घोट्यावर, तीच छोटी पावलं, गुडघ्याच्या आतल्या बाजूला तोच लोंबता मांसाचा गोळा. आणि त्यावर जुने पिवळे, नवे निळे डाग, आडवे, सरळ, एकाखाली एक.

"हे कशाचे?"

"लाटण्याचे."

"कधीपासून?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

"आणि उतरले कधी?"

"नाही उतरले."

"थोडे तरी?"

"नाही गं."

चिमणी वाकली होती, हात पुढं करायला निघाली होती, तो तिनं मागे घेतला. "म्हणजे तुला माहीत होतं."

"मला वाटलं, तू लहान आहेस, तुझे उतरतील."

"ते नाही विचारत मी. तू म्हणालीस, सहन केलं म्हणून उतरले. मी त्याच्यावर जगले, आई. आज दुकानातून निघाले ते घरापर्यंत स्वतःला शिव्या देत आले. मालकाला नाही दिल्या, स्वतःला दिल्या. का, तर मी कच्ची निघाले."

"तुझ्या भल्यासाठीच..." मावशीच्या तोंडून आपोआप निघालं, आणि निघता निघताच तिला ते नको झालं. चिमणी हसली. तिचं ते हसणं ऐकण्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर मावशीला चाललं असतं. मग चिमणी बाकावरून उतरली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मावशीनं गाऊन खाली सोडला. बेकरीवाली आली तेव्हा तिनं दार किलकिलं करून "आज बंद आहे" म्हणून सांगितलं. "बंद? तुमच्याकडं?" बेकरीवाली म्हणाली. "बरं नाही का?" मावशीनं दार लोटलं आणि बाकाच्या कडेशी बसून राहिली. पोर आता घर सोडून जाईल, असं तिला वाटत होतं. आत कपाट उघडल्याचा आवाज येतो का, म्हणून ती कानोसा घेत होती. जायला हवंच, असंही वाटत होतं.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा आतलं दार उघडलं. चिमणीनं तोंड धुतलं होतं, डोळे सुजलेले होते. दोन खुर्च्या ओढत आणून तिनं समोरासमोर मांडल्या आणि एकीवर बसली.

"बस."

मावशी बसली. "तेल आणू?"

"तेल नको. तेलानं हात घसरतो. हाताबरोबर कातडी हलली पाहिजे, बास, एवढंच. गाऊन वर घे."

मावशीनं गाऊन वर घेतला आणि सवयीप्रमाणं तळपायाकडं वाकली.

"खालून नाही. मानेपासून."

"दुखतात पाय, आणि मान कशाला?"

"पायांत साठलेलं पाणी वर जातं. वरची वाट मोकळी नसेल तर ते जाणार कुठं? आधी मान, मग पोटात श्वास, मग जांघ, मग मांडी, मग गुडघा. पाय सगळ्यात शेवटी. आणि हात नेहमी वरच्या दिशेनं." चिमणीनं गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात बोटं टेकवून दाखवली. तिच्या आवाजात राग नव्हता की माया नव्हती. दुकानात नव्या चष्म्याची काळजी कशी घ्यायची ते सांगत असेल तशी सांगत होती.

सगळ्या वस्तीला मालीश म्हणजे काय ते शिकवणारी बाई मुकाट्यानं स्वतःच्या मानेला बोटं लावून बसली.

"एवढं जोरात नाही."

"एवढं?"

"अजून हलकं. काच पुसतेस असं समज. चरा पडता कामा नये."

"अगं, हात लावल्यासारखंच वाटत नाही."

"तेवढाच लावायचा असतो."

थोड्या वेळानं मावशीनं भीत भीत विचारलं, "यानं उतरतात?"

"नाही."

"मग?"

"दुखणं कमी होतं. जड वाटत नाही. झोप लागते. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, उतरतील असं मी म्हणणार नाही, खोटी आशा लावायची नाही मला." चिमणीनं मान वर केली नाही. मावशीनं ते निमूट ऐकून घेतलं. तिला ते लागलं, आणि लागावं म्हणूनच सांगितलं होतं.

"आणि उद्या दुकानात?"

"पुढंच उभी राहणार. त्याला काढायचं असेल तर काढू दे. माझं काही चुकलेलं नव्हतं, हे आता कळलंय ना मला."

ती वाकून स्वतःच्या गुडघ्यामागं हात नेत होती. हात पोचायला जरा त्रास होत होता. मावशीचा हात आपोआप पुढं झाला. "मागं तुझा पोचत नाही, मी हलकेच..."

"पोचतो," चिमणी म्हणाली, आणि खुर्ची मागे सरकवली. "तू तुझं कर."

मावशीनं हात मागे घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. तिथून गुडघ्यापर्यंत, मग गुडघ्याखाली, जिथं लाटण्याचे डाग होते तिथं आली. बोटं टेकवली, कातडी जराशी वर सरकवली, सोडली. पुन्हा सरकवली, सोडली. त्या पायांना असा हात आजवर कुणी लावला नव्हता, तिनं स्वतःसुद्धा नाही. दुखलं नाही. दुखलं नाही याचाच तिला भयंकर संताप आला. एवढंच करायचं होतं. ही बोटं तेव्हाही याच हातांना होती, आणि ती पोर बाकाची कड धरून रोज सकाळी हाताशी पडलेली होती. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि पोटरीवरची बोटं नकळत रुतली.

"रडू नकोस," चिमणी वर न बघता म्हणाली. "हात जड होतो."

मावशीनं बाहीनं तोंड पुसलं आणि पुन्हा मानेपासून सुरुवात केली.